टीमक्समधली चार मराठी अक्षरं

तुमचं काम दूरच्या सर्व्हरवर चालत असेल, तर टीमक्स तुम्हाला ठाऊक असेलच. एका टर्मिनलचे हवे तेवढे कप्पे करायचे, संध्याकाळी लॅपटॉप मिटून घरी जायचं, आणि सकाळी पुन्हा जोडलं की कालचं गणित चालूच असतं. २००७ पासून उपलब्ध असलेलं हे फुकट साधन म्हणजे आम्हा पोस्टडॉक मंडळींचा निम्मा संसार.

अडतं ते शॉर्टकटपाशी. आधी कंट्रोल आणि बी, मग दुसरी कळ. कप्पे पाडायला टक्क्याचं किंवा अवतरणाचं चिन्ह. कशाने काय होतं, हे माझ्या कधीच लक्षात राहिलं नाही. बरेच जण त्याऐवजी उभी रेघ आणि आडवी रेघ यांच्या कळा योजतात. अमेरिकन कीबोर्डवर ते सोयीचं आहे. पण मी जर्मनीत राहते. इथल्या कीबोर्डवर उभी रेघ किंवा चौकटी कंस हवा, तर ऑल्ट-जीआर दाबून बोटं ताणावी लागतात.

म्हणून मी अक्षरं निवडली, तीही मराठीतून. यू म्हणजे उभी भिंत, ए म्हणजे आडवी, व्ही म्हणजे वर सरकून वाचणं, जी म्हणजे घर, अर्थात पहिली खिडकी. टीमक्सने ही चारही अक्षरं मोकळी ठेवली आहेत, त्यामुळे मूळचं काहीच पुसावं लागलं नाही.

ते न पुसणं मला महत्त्वाचं वाटतं. सगळंच आपल्या मनासारखं करून घेतलं, तर दुसऱ्याच्या यंत्रावर आपले हात बांधल्यासारखे होतात. आणि शेजारची विद्यार्थिनी आपल्या खुर्चीत बसली, की तिचेही.

आणखी एक काम करा. ३.१ आवृत्तीपासून शॉर्टकटला टीप जोडता येते. कंट्रोल-बीनंतर प्रश्नचिन्ह दाबल्यावर जी यादी येते, तिच्यात टीप नसलेला शॉर्टकट दिसतच नाही. माझ्या टिपा इंग्रजीत आहेत, कारण त्या इतरांनी वाचायच्या. अक्षरं मराठी, कारण ती मला आठवायला हवीत.

महिनाभरात न वापरलेला शॉर्टकट सरळ काढून टाका. माझा करार दोन वर्षांचा आहे. तो संपला की ओळखपत्र परत द्यायचं, ईमेल बंद होणार, टेबल दुसऱ्या कुणाचं होणार. पुढच्या गावी बरोबर येईल ती ही छोटीशी फाईल. तिच्यातली प्रत्येक ओळ आपल्याला कळणारी असावी.