सही कुठं करायची

लोअर परळ, रविवार दुपार

अक्का,

परवा फोनवर तुझं दूध उतू जात होतं म्हणून बोलणं राहिलं. तसंही फोनवर सांगायला गेलो असतो तर तू "बरं बरं" म्हणत विषय मामांच्या गुडघ्यावर नेला असतास. म्हणून लिहायला बसलोय.

गावात तू मला डिझायनर करून टाकलंयस, हे कळलं. राग नाही आला. पण पुढच्या महिन्यात आम्हा सातआठ जणांचं चित्रप्रदर्शन लागतंय. त्याचं छोटं पुस्तक निघणार आहे आणि त्यासाठी प्रत्येकानं पाच ओळींत परिचय द्यायचा होता. मी लिहिलं : शिक्षण कोल्हापुरात, चार वर्षं मुंबईत हाउसकीपिंगच्या कामावर. कुणीतरी त्या पानाचा फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकणारच. त्याआधी तुला माझ्याकडून कळलेलं बरं.

तू एकदा विचारलं होतंस, दिवसभर करतोस तरी काय. शिफ्ट सकाळी सहाची. ऑफिसातली माणसं दहाला येतात, तोवर आठवा मजला आमचा. खिडकीतून बंद गिरणीची चिमणी दिसते. आबा संपात गावी परतले ती गिरणी ही नव्हे, पण चिमण्या सगळ्या सारख्याच. आधी डस्टिंग, मग व्हॅक्यूम, मग काचा. काचेला आर-थ्री, म्हणजे काचा पुसायचं लिक्विड, फवारायचं आणि वरच्या कोपऱ्यापासून वायपर नागमोडी खाली आणायचा. दर ओढीनंतर रबर पुसायचं, नाहीतर रेघ उठते. वॉटरकलरचा वॉश देताना सर हेच सांगायचे. बोर्ड थोडा कलता ठेव, ओली कड सुटू देऊ नकोस, अर्धवट वाळलेल्या जागी परत ब्रश घालू नकोस. फरक एवढाच, की तिथं काहीतरी उमटावं म्हणून धडपड आणि इथं काही उमटू नये म्हणून. काच अशी व्हायला हवी की माणसाला ती आहे हेच कळू नये. मागच्या वर्षी एक साहेब बोलत बोलत काचेच्या दारावर आदळले. त्यांना लागलं ते वाईटच, पण माझ्या कामाला मिळालेली दाद ती तेवढीच.

लादी पुसताना मॉप आठच्या आकड्यात फिरवत मागे मागे सरायचं. आई सारवायची तशी. ती उंबऱ्यापर्यंत मागे आली की तू बाहेरून ओरडायचीस, "आता कुणी आत जायचं नाही हं," आणि मी हमखास जायचो. मग आई न बोलता माझ्या पावलावर पुन्हा हात फिरवायची. इथं मी पिवळा बोर्ड लावतो आणि लोक कानाला फोन लावून त्याला वळसा घालून सरळ ओल्यातून चालत जातात. त्या सगळ्या पावलांची परतफेड चालू आहे म्हण.

आता एक गोष्ट जी तुला आवडणार नाही. आमच्याकडे फडकी रंगाप्रमाणं असतात. टेबलांना निळं, पँट्रीत हिरवं, बेसिनला पिवळं, संडासाला लाल. लाल फडकं दुसरीकडे कुठंही लागता कामा नये, हा जंतूंचा नियम आहे आणि तो बरोबरच आहे. पण पहिल्या दिवशी सुपरवायझरनं नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि माझ्या हातात निळं फडकं दिलं. माझ्याबरोबर रुजू झालेल्या मुलाचं आडनाव ऐकून त्याला लाल दिलं. नियम कुठंच लिहिलेला नव्हता. आणि खरं सांगू? मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. ते सुटल्यासारखं वाटणं मला अजून सलतं. आता आम्ही पाळीनं करतो, तेही त्या मुलानं भांडण काढलं म्हणून. माझा त्यात काही पराक्रम नाही. तू म्हणालीस ना, "आपल्यातल्या कुणी असलं काम केलं नाही." केलं नाही, कारण दुसऱ्यांकडून करून घेतलं. आपल्या मागच्या अंगणात येणाऱ्या मावशीला चहा वेगळ्या कपात मिळायचा, तो कप गोठ्याच्या वळचणीला असायचा. आठवतं ना?

कॉलेजात असताना सुधारक ओलवे यांचे फोटो पाहिले होते, मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे, कृष्णधवल. तेव्हा मी वर्गात त्यातल्या छायाप्रकाशावर बोललो होतो. आज तेच फोटो आठवले की आधी नाकाला वास येतो. त्या माणसांच्या मानानं माझं काम एसीतलं आहे, हे विसरत नाही.

माझं काम कळलं की ओळखीचे लोक लगेच गाडगेबाबांचं नाव घेतात. घेऊ नये. बाबांनी खराटा आपणहून उचलला, रात्री कीर्तन केलं, आणि कुणाकडून पगार घेतला नाही. मला हातात चौदा हजार येतात आणि तेवढ्यासाठीच मी जातो. मला आठवते ती जनाबाई. ती पोरकी पोर गंगाखेडहून पंढरपुरात नामदेवांच्या घरी आली, तिथं दळण, कांडण, झाडलोट, सगळं केलं. तिच्या अभंगात ती झाडते आणि केर भरायला प्रत्यक्ष विठोबा येतो. आमच्याकडे केर उचलायचं कंत्राट वेगळ्या कंपनीचं आहे, ते सोड. मला गंमत वाटते ती तिच्या सहीची. अभंगाच्या शेवटी ती नुसतं जनी म्हणत नाही, नामयाची दासी जनी म्हणते. कवितेखाली सही करताना बाई आपलं काम सांगते, कुणाच्या घरचं तेही सांगते. सातशे वर्षं लोक तिला तिच्या नोकरीसकट गातायत, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. परिचय लिहिताना डोक्यात तीच होती.

सहीचं आणखी एक. संडासाच्या दारामागे चार्ट लावलेला असतो, तू मॉलमध्ये पाहिला असशील. दर तासाला साफ केलं की वेळेपुढे सही करायची. पेन तिथंच दोऱ्याला बांधलेलं. आठ तासांच्या आठ सह्या, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे दोनशे आठ. चित्रांवर मी आयुष्यात एवढ्या सह्या केलेल्या नाहीत. महिना संपला की चार्ट रद्दीत जातो. सुपरवायझरला विचारून मी ते घरी आणायला लागलो. कागद पातळ आहे, पाणी लागलं की फुगतो, म्हणून रंग नाही, बॉलपेननंच काढतो. टेबलांवर जे सापडतं ते काढतो. कपाच्या बुडाचं तपकिरी वर्तुळ, वाळून चिकटलेली टी-बॅग, केसांचं रबर, चावलेलं पेनाचं टोपण, कुणीतरी मीटिंगमध्ये कंटाळून कागदाची केलेली होडी. सकाळी मी ज्या वस्तू नाहीशा करतो, त्या रात्री परत आणतो. प्रदर्शनात असे बारा कागद लावतोय. कुठली बाजू समोर ठेवायची यावर आमचं भांडण चाललंय. मित्र म्हणतात चित्राची. मी म्हणतो दोन काचांमध्ये घालून मधे टांगू, लोक फिरून बघतील. खाली पुन्हा सही करायची गरज नाही, मागं दोनशे आठ आहेत.

यावर एक जण म्हणाला, म्हणजे तू सफाईलाच कला म्हणतोस, अमेरिकेतल्या त्या बाईसारखं. मिअर्ल लेडरमन युकेलीस तिचं नाव. मूल झाल्यावर दिवसभर घर आवरण्यातच जातो हे बघून तिनं 1969 मध्ये जाहीरनामा लिहिला, की ही देखभाल हीच माझी कला. 1973 मध्ये हार्टफर्डच्या संग्रहालयाच्या पायऱ्या तिनं गुडघ्यांवर बसून धुतल्या. पुढे न्यूयॉर्कच्या साडेआठ हजार सफाई कामगारांशी एकेकाला गाठून हात मिळवला आणि आभार मानले. हात मिळवण्याबद्दल तिला माझा नमस्कार. पण पायऱ्या तिनं कलावंत म्हणून धुतल्या, म्हणून त्याची नोंद झाली. त्याच पायऱ्या रोज धुणाऱ्याचं नाव कुणाला माहीत आहे? मी सफाईला कला म्हणत नाही. सफाई ही सफाई आहे, कंबर दुखते.

तिच्याहून मला डॉर्टमुंडची सफाई कामगार जवळची. 2011 ची गोष्ट. जर्मनीतल्या त्या संग्रहालयात मार्टिन किपेनबर्गर या चित्रकाराची एक रचना होती, लाकडी पट्ट्यांचा मनोरा आणि खाली रबराचं घमेलं. छतातून ठिबकायला लागल्यावर, अशा अर्थाचं तिचं नाव. घमेल्यात पाणी वाळून राहावं तसा डाग त्यानं रंगवला होता. बाईनं तो घासून लख्ख केला. विमा होता आठ लाख युरोंचा. सगळं जग तिला हसलं. मला वाटतं, त्या डागाचं इतकं मनापासून परीक्षण कुठल्याही समीक्षकानं केलं नसेल. डाग खरा वाटला, म्हणून तिनं काढला. आमच्याकडे एसी ठिबकतो तिथं मी रोज बादली ठेवतो. अजून कुणी तिचा विमा उतरवला नाही.

आईला काय सांगायचं, हा तुझा प्रश्न उरतो. गणपतीत आलो तेव्हा तिनं माझे हात धरून बघितले होते. बोटांची सालं निघाली होती. "रंगानं होतं का रे असं?" मी हो म्हणालो. तिनं खोबरेल आणून चोळलं, बराच वेळ चोळलं, आणि मग म्हणाली, "रंगाला फिनेलचा वास येतो आताशा." तेव्हा तिला तू काही सांगायची गरज नाही.

प्रदर्शनाला दोघी आलात तर रविवारचं या, मला सुट्टी असते. येताना आईची दोन जुनी सुती लुगडी आण, अगदी विरलेली चालतील. इथली फडकी दोऱ्या सोडतात, ब्रश पुसायला उपयोगाची नाहीत.

तुझा,
धाकटा