कमी चाललेली बुलेट

छावणीतल्या कॅन्टीनबाहेरच्या फळ्यावर विकाऊ गाड्यांच्या चिठ्ठ्या लागतात. पोस्टिंग कुठेही असो, चिठ्ठीतलं एक वाक्य तेच असतं: ‘बहुत कम चली है’. पोरं ते वाचून हरखतात, मी सावध होतो. आपल्या एमटी पार्कमध्ये उभ्या गाडीचंही वेळापत्रक असतं. ठरल्या दिवशी इंजिन सुरू करायचं, गाडी पुढेमागे हलवायची. घरच्या ताडपत्रीखालच्या गाडीला हे कोण करतं?

२०१९ साली महूला असताना माझ्या युनिटमधला कराडकडचा एक नाईक असाच हरखून आला. २००७ ची बुलेट ३५०, जुनं कास्ट आयर्न इंजिन, गियर उजव्या पायाला, मीटरवर ९,४०० किलोमीटर. मालक एक निवृत्त सुभेदार. एप्रिलमध्ये रजा होती आणि पठ्ठ्याला बिजासन घाट उतरून धुळे, नाशिक, पुणे करत गाडी थेट गावच्या जत्रेत न्यायची होती. सातशेच्या आसपास किलोमीटर. “साहेब, तुम्ही फक्त एक नजर टाका,” म्हणाला.

सुभेदारसाहेबांना आधी फोन केला तो एवढंच सांगायला, की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन कुणाच्याही किकला सुरू होतं. गेल्या गेल्या सिलिंडरला हात लावला. थंडगार होता.

या बुलेटचा मीटर पुढच्या चाकावरून केबलने चालतो. केबल तुटली की आकडा थांबतो, गाडी चालतच राहते. म्हणून आधी झीज बघायची. फूटरेस्टच्या रबरावरच्या रेघा शाबूत होत्या, मागच्या स्प्रॉकेटचे दाते सरळ होते. (एनडीएत आमच्याकडे सायकल होती, आणि तिची काळजी घेतली नाही तर ती खांद्यावर घेऊन पळावं लागे. चेन आणि दाते आधी बघायची खोड तिथली.) टायरच्या बाजूवर चार आकडे होते: ३८०७. म्हणजे २००७ सालचा अडतिसावा आठवडा. गाडीबरोबर आलेले टायर अजून तेच होते, तेव्हा मीटर खरं बोलत होता. “आधी नोकरी फील्डला, मग गुडघे,” सुभेदारसाहेब हसून म्हणाले.

“साहेब, नक्षी बघा, नवी कोरी!” नाईक म्हणाला. इथेच माझं त्याच्याशी वाजलं. नक्षी पूर्ण होती, पण खाचांच्या तळाशी केसासारख्या चिरा होत्या आणि नख रुतत नव्हतं. बारा वर्षांचं वाळलेलं रबर आणि तेवढीच जुनी ट्यूब घेऊन निमाडच्या एप्रिलमधल्या डांबरावर ऐंशीच्या वेगाने जायचं? पुढचा ब्रेक दाबून सोडला तर लिव्हर रेंगाळत परत येत होता. ड्रममधला कॅम जाम. टाकीत टॉर्च मारला तर तळाशी गंज, आणि पेट्रोलला वॉर्निशसारखा वास. सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारमाशीचं मातीचं घर होतं. फोर्कच्या नळ्या मात्र गुळगुळीत होत्या. तिथे गंजाचे खड्डे असले तर नवं सीलही फाटत राहतं.

कार्ब्युरेटर रिकामा करून ताजं पेट्रोल सोडलं. अॅमीटरचा काटा मध्यावर आणला, डीकॉम्प्रेशन लिव्हर ओढून किक थोडी सरकवली. नाईकाचं सगळं वजन किकवर पेललं गेलं, म्हणजे कॉम्प्रेशन जागेवर. सातव्या किकला गाडी बोलली आणि अंगण निळ्या धुराने भरलं. पोराचा चेहरा पडला. पण हे इंजिन फार दिवस उभं राहिलं की तेल झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं, सुरुवातीला तेच जळतं. दहा मिनिटं थांबलो. धूर विरला. विरला नसता, तर रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइडचा खर्च धरावा लागला असता.

चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतला, आरसीशी जुळवला. बँकेचा बोजा नव्हता. गाडी मध्य प्रदेश पासिंगची, मुदत २०२२ पर्यंत. पुढे कायमची कराडला न्यायची तर इथल्या आरटीओची एनओसी लागेल, हे नाईकाला तिथेच सांगितलं.

सांगितलेली किंमत पासष्ट हजार होती. गंजाचं निमित्त करून वीस हजार तोडायचा नाईकाचा बेत होता. त्याला बाजूला घेऊन म्हटलं, दोन टायर-ट्यूब, ब्रेक शू, टाकी आणि कार्ब्युरेटरची साफसफाई, तेल. आठ हजार होतात. तेवढेच कमी कर म्हण, वर एक रुपया मागू नकोस. म्हातारा काहीही लपवत नाहीये. सुभेदारसाहेबांनी हिशेब ऐकला, मान डोलावली आणि आतून मूळ टूलकिट आणून दिलं, फडक्यात गुंडाळलेलं.

जत्रेला नाईक रेल्वेने गेला, तोंड फुगवून. परत आल्यावर गाडी महूच्या आसपासच फिरवली. दोनशे किलोमीटरच्या आत टॅपेट कव्हरमधून तेल पाझरलं. वाळलेलं गॅस्केट होतं, बदललं. दिवाळीच्या रजेला मात्र गाडीवर गेला. धुळ्याहून फोन आला: “साहेब, प्लग एकदा साफ केला. बाकी काही नाही.”