सुटणारी गाठ

आगमनकाळ सुरू झाला की आमच्या वसईच्या घरी माजघरातली पत्र्याची पेटी उघडली जाई. तिच्यात दागिने नव्हते. वर्षभर जपलेले कागद होते. जुन्या कॅलेंडरची पाने, शेजारच्या हिंदू कुटुंबाकडून दिवाळीच्या फराळासोबत आलेला एखादा रंगीत कागद. आई ते तळहाताने सपाट करी, खळ शिजवी आणि नाताळच्या भेटी बांधायला बसे.

भेटी तरी काय? घरची सुकेळी! पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, केळीच्या सुक्या पानात घट्ट गुंडाळून बांधायची, ही आमच्या भागाची जुनी रीत. त्यावर आईचा कागद चढे आणि त्यावर सोपटाची दोरी. गाठ मात्र ती अशी मारी की एक टोक ओढताच सुटावी. "गाठ सोडवायची असते रे, तोडायची नसते," असे ती म्हणे.

१९९० सालच्या नाताळात मी पुण्याला सेमिनरीत शिकत होतो. गावच्या एका गृहस्थांबरोबर आईने पुडके धाडले. सोबत्यांच्या भेटी चकचकीत कागदांत आल्या होत्या. माझ्या पुडक्यावर सरलेल्या महिन्याच्या तारखा दिसत होत्या. मला लाज वाटली. कोणी पाहण्यापूर्वी मी दोरी तोडली, कागद फाडला आणि चोळामोळा करून टाकून दिला. सुकेळी सर्वांनी आवडीने खाल्ली.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईने विचारले, "तुझी पत्रे आली त्या तारखांना मी खुणा केल्या होत्या. पाहिल्यास ना?"

मी "हो" म्हणालो.

२०११ साली आई प्रभूघरी गेली. इतकी वर्षे मी इतरांचे पापनिवेदन ऐकत आलो. पण ते एक "हो" खोटे होते, हे तिला सांगण्याचे धैर्य मला कधीच झाले नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभूला दोनदा वस्त्रात गुंडाळले जाते. एकदा बेथलेहेमात मातेच्या हातांनी, आणि एकदा क्रुसावरून उतरविल्यावर अरिमथाईच्या योसेफाच्या हातांनी. दोन्ही वेळी करण्याजोगे फारसे काही हाती नव्हते. गुंडाळणाऱ्याची माया तेवढी होती. आईच्या कागदाचा अर्थ मला पुष्कळ उशिरा तेथे उमगला. वेष्टन हे भेटीवरचे आवरण नव्हे; देणाऱ्याने आपल्यासाठी वेचलेला वेळ असतो तो.

धर्मग्रामात भावाभावांचे तंटे माझ्यापुढे येतात. बांधावरून, घराच्या वाटणीवरून वर्षानुवर्षे अबोला असतो. प्रत्येकाला दोरी तोडण्याची घाई असते. मी त्यांना एकच विनवितो, आधी टोक शोधा. सगळ्याच गाठी सुटतात असे नाही. पण तोडलेली दोरी पुन्हा पुरत नाही, हे मी अनुभवाने जाणतो.

आता दर नाताळात अंथरुणाला खिळलेल्यांना कम्युनियन द्यायला जाताना मी एकेक लहानसे पुडके नेतो. कागद जुन्या कॅलेंडरचा, गाठ आईची. गेल्या वर्षी एका आजीबाईंनी थरथरत्या बोटांनी ती हळूहळू सोडविली, कागदाची नीट घडी केली आणि उशाखाली ठेवली. "फादर, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल," त्या म्हणाल्या.

वाचकहो, या नाताळात तुमच्या हाती एखादे साधेसुधे पुडके आले, तर ते सावकाश उघडा. कागद टाकण्यापूर्वी एकवार निरखून पाहा. कोणीतरी त्यावर तुमच्यासाठी खुणा केल्या असतील.