थांब्यावरचा दादा, स्टेजवरचे सर

काळेवाडीतल्या पोरांना नोकरी-धंद्याची अक्कल पूर्वी कंपनीच्या बसथांब्यावर यायची. पवना ओलांडली की पिंपरी आणि तिथून आकुर्डी-निगडीपर्यंत कारखानेच कारखाने. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ सालची. पुढे टेल्को, बजाज, बजाज टेम्पो आले. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, तोवर आमच्याकडच्या चाळी साताऱ्या-लातूरच्या, खानदेशातल्या माणसांनी भरत चालल्या होत्या. एकाच खोलीत तिन्ही शिफ्टचे गडी. फर्स्टवाला उठला की नाइटवाला आडवा व्हायचा.

त्या थांब्यावर आमचा एक दादा भेटायचा. आयटीआय करून अप्रेंटिस झालेला, मग टर्नर म्हणून कायम झालेला. ‘माजी विद्यार्थी’ वगैरे शब्द आमच्या कानावरही नव्हते, पण आयटीआयच्या प्रत्येक पोराचा तो सीनियर होता. ट्रेड कोणता घ्यावा, परीक्षेत काय विचारतात, कुठल्या खात्यात ओव्हरटाइम मिळतो, सगळं सांगायचा. पुढे त्याने भाड्याच्या गाळ्यात एक जुना लेथ टाकला. ड्यूटी संपली की गाळ्यावर. आम्ही जाऊन बसलो की चलनाच्या मागच्या कोऱ्या बाजूला हिशेब मांडून दाखवायचा: एका पीसला किती मिनिटं, तासाला लाइट किती, टूल किती पीसनंतर बदलायचं, शंभरात रिजेक्शन किती धरायचं. कोपऱ्यात रिजेक्ट पीसचं पोतं असायचं. त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचा, “आधी हे बघ. धंदा इथं बुडतो.”

नदीपलीकडे पिंपरी कॅम्पात दुसरी शाळा भरायची. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची दुकानं. थोड्या नफ्यावर जास्त माल फिरवायचा आणि गिऱ्हाईक तोडायचं नाही, हे तिथं गल्ल्यासमोर नुसतं उभं राहिलं तरी कळायचं.

आता काळेवाडीतली मुलं ताथवड्याला इंदिरा नाहीतर बालाजीत किंवा आकुर्डीला डी. वाय. पाटीलमध्ये एमबीए करतात. लेथवर आयुष्य काढलेल्या बापाची पोर मार्केटिंग किंवा एचआर घेते, याचा आनंद आहेच. मॅनेजमेंट कॉलेजांत आता माजी विद्यार्थी पाहुणे म्हणून येतात. कुणी हिंजवडीच्या आयटीतला, कुणी चाकणच्या प्लँटमध्ये खरेदी सांभाळणारा, कुणी स्वतःची कंपनी काढलेला. हॉल एसी, मागे पडद्यावर स्लाइड. आमच्या दादाला बजाज-टेल्कोपलीकडचं जग सांगता येत नव्हतं. हे सर जर्मनीतल्या ग्राहकाशी कसं बोलायचं तेही सांगतात. थांब्यावर मुली क्वचितच उभ्या राहायच्या. आता पहिल्या रांगेत त्याच असतात आणि प्रश्नही त्याच विचारतात. जुनं ते सगळं सोनं, असं म्हणायची सोय नाही.

पण प्रश्न बहुतेक पॅकेजचे आणि फंडिंगचे. उत्तरंही यशाचीच. तासाभरात फोटो, शाल, पुष्पगुच्छ, आणि सर निघाले. रिजेक्शनचं पोतं स्लाइडवर दिसत नाही.

गाळेवाल्याचं खरं दुखणं तेव्हाही पेमेंटचं होतं. माल दिला की नव्वद नव्वद दिवस हेलपाटे. दादा कामगारांचा पगार बायकोचे दागिने ठेवून करायचा आणि तेही आम्हाला सांगायचा. आज कायदा आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याने लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. त्यात एप्रिल २०२४ पासून नवी तरतूद लागू झाली: सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं मुदतीत न भरणाऱ्या खरेदीदाराला ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. तरी मोठ्या गिऱ्हाइकाकडे व्याज मागायची छाती किती जणांची? मागितलं तर पुढची ऑर्डर जाते. हे पुस्तकात सापडणार नाही. ज्याने भोगलंय त्यानेच सांगावं लागतं.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी कॉलेजात याल तेव्हा यशाच्या स्लाइडांबरोबर अडकलेलं एक बिल आणि फसलेलं एक कोटेशनही आणा. आणि प्राध्यापकांनो, वर्षातून एकदा मुलांना हॉलबाहेर काढून एखाद्या गाळ्यात न्या, मालकाशेजारी बसवून एका पीसचा हिशेब त्यांच्याकडूनच मांडून घ्या. त्याला एसी हॉल लागत नाही, स्टूल पुरतं.