जिंकले, तरी बाहेर कसे?

२ डिसेंबर २०२२ची रात्र. कतारच्या विश्वचषकात उरुग्वेने घानाला २-० असं हरवलं, आणि उरुग्वेचाच लुइस सुआरेझ बाकावर बसून, जर्सीत तोंड लपवून रडत होता. लातूरच्या उद्योग भवन परिसरातल्या एका मेसमध्ये मी हे बघत होते. जेवणं उरकली होती, पण पोरं उष्ट्या हातांनी तशीच बसून होती. मी विचारलं, "अरे, जिंकलेला माणूस रडायलाय कशाला?"

चौघं एकदम बोलायला लागले. एक म्हणाला, गोलफरक. दुसरा म्हणाला, गोलफरक तर सारखाच आहे, केलेले गोल बघा. तिसरा सांगत होता की, दुसऱ्या मैदानावर कोरियाने पोर्तुगालला भरपाई वेळेत गोल करून हरवलं. चौथा २०१० सालच्या कुठल्याशा हँडबॉलवर तावातावाने बोलत होता. माझ्या हाती एकही धागा लागेना.

मी नांदेडची. मुलीने नीट परीक्षेच्या तयारीसाठी अकरावीला लातूर घेतलं, तेव्हा तिच्यासोबत खोली करून राहिले. ट्यूशन एरियात अशा आया घरोघरी सापडतात. क्रिकेट मला चांगलं कळतं. नेट रनरेटचा हिशेब कुणी मांडला तर मी त्यातली चूक काढू शकते. फुटबॉल मात्र माझ्यासाठी नव्वद मिनिटांची धावपळ होती. मेसमध्ये उदगीर, अहमदपूर, मुखेड, देगलूर, कंधार अशी सगळीकडची पोरं. क्लास संपवून आली की त्यांच्या तोंडी एकच विषय. सुरुवातीला मी नुसती ऐकत होते. पण त्यांचं भांडण खेळाडूंवरून कमी आणि मोजणीवरून जास्त व्हायचं, म्हणून मला त्यात गोडी वाटायला लागली. गोल धरला का नाही, गुण कुणाला किती, पुढे कोण गेलं आणि का, यावर ती रात्र काढायची.

पहिला गोंधळ ऑफसाइडचा. २२ नोव्हेंबरला सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ हरवलं. त्या सामन्याच्या पूर्वार्धात अर्जेंटिनाने चेंडू आणखी तीनदा जाळ्यात घातला होता आणि तिन्ही वेळा गोल रद्द झाला. एकदा मेस्सीचा, दोनदा लाउतारो मार्टिनेझचा. जाळ्यात गेलेला चेंडू गोल नाही, हे माझ्या पचनी पडेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंधारच्या मुलीने मला गच्चीवर नेलं. ती शाळेत असताना सुब्रतो चषकाच्या, म्हणजे शालेय फुटबॉलच्या, जिल्हास्तरीय सामन्यांत गोलरक्षक होती, आणि समजावून सांगण्यात सगळ्या पोरांपेक्षा उजवी. पाण्याच्या टाकीकडची भिंत म्हणजे गोलरेषा. मला तिने भिंतीपाशी उभं केलं: "काकू, तुम्ही गोलकीपर." माझ्या मुलीला माझ्यापुढे सात-आठ पावलांवर. कपडे वाळत घालायच्या दोरीची सावली गच्चीवर आडवी पडली होती, बरोबर माझ्या मुलीच्या टाचेखालून. "ही सावली म्हणजे रेषा. तुम्ही शेवटच्या, ही शेवटून दुसरी. मागून चेंडूला पाय लागला त्या क्षणी हा पोरगा सावलीच्या अलीकडं तुमच्या बाजूला असला की ऑफसाइड. पाय लागल्यावर पळाला तर चालतंय."

मग उदगीरचा मुलगा पळाला. मी सावलीकडे बघितलं, तर चेंडू कधी सुटला ते दिसलं नाही. पुन्हा पळवलं. या वेळी चेंडूकडे बघितलं, तर मुलगा आधीच माझ्यापाशी पोहोचलेला. कितीही वेळा केलं तरी तेच. एका माणसाने एकाच क्षणी दोन ठिकाणी बघायचं, अशी ही गोष्ट आहे, आणि इतकी वर्षं सहायक पंच हेच काम नुसत्या डोळ्यांनी करत आले! कतारला त्यासाठी छताखाली बारा खास कॅमेरे होते आणि चेंडूच्या आत एक सेन्सर, जो सेकंदाला पाचशे वेळा चेंडूची खबर देत होता. पाय नेमका कधी लागला, हे त्यावरून कळायचं. थ्रो-इन, कॉर्नर आणि गोलकिक थेट मिळाली तर ऑफसाइड नसतो, हेही मला गच्चीवरच कळलं. आणि हात ऑफसाइडमध्ये धरत नाहीत, कारण हाताने गोल करताच येत नाही. हे ऐकून मला फार बरं वाटलं. नियमाला कारण असलं की तो डोक्यात राहतो.

तेव्हापासून मी प्रत्येक नियमाला एकच प्रश्न लावला: हा आला कशामुळे? ऑफसाइड नसता तर आघाडीपटू गोलरक्षकाच्या उरावर जाऊन उभे राहिले असते आणि मधलं मैदान रिकामं पडलं असतं. पूर्वी आघाडीपटू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू लागत. गोल फारच आटले, म्हणून १९२५ साली तिनाचे दोन केले. विजयाला पूर्वी दोन गुण मिळत. बरोबरीवर समाधान मानणारे संघ वाढले, म्हणून १९९४च्या विश्वचषकापासून तीन.

आता त्या शुक्रवारच्या रात्रीकडे येते. मेसमध्ये भाज्यांचा फळा होता. 'शुक्रवार: शेवभाजी'च्या खाली अहमदपूरच्या मुलाने खडूने 'ह' गट मांडला. पोर्तुगाल सहा गुण. कोरिया चार, उरुग्वे चार. घाना तीन. पुढे दोघांनीच जायचं. कोरियाने तीन सामन्यांत चार गोल केले, चार खाल्ले. उरुग्वेने दोन केले, दोन खाल्ले. दोघांचाही गोलफरक शून्य. मग केलेले गोल बघायचे: चार विरुद्ध दोन. कोरिया पुढे, उरुग्वे घरी. उरुग्वेला आणखी एक, फक्त एक गोल हवा होता. कोरियाचा सामना आधी संपला होता, आणि त्यांचे खेळाडू मैदानातच घोळका करून मोबाइलवर उरुग्वेचा सामना संपायची वाट बघत होते. त्यांच्या हातात आता काहीच नव्हतं. इतका ताण मी क्रिकेटच्या शेवटच्या षटकातही क्वचित अनुभवलाय.

आणि तो हँडबॉल? २०१०च्या उपांत्यपूर्व सामन्यात घानाचा गोल होणार तेवढ्यात याच सुआरेझने गोलरेषेवर चेंडू हाताने अडवला. त्याला लाल कार्ड मिळालं, घानाला पेनल्टी मिळाली, पण असामोआ ग्यानचा फटका आडव्या खांबाला लागला आणि पुढे शूटआऊटमध्ये उरुग्वे जिंकला. बारा वर्षं घानाच्या लोकांनी ते मनात ठेवलं होतं. मुखेडचा मुलगा मुखेडमध्ये बसून ते मनात ठेवून होता, याचं मला फार कौतुक वाटलं.

मी विचारलं, दोन्ही सामने एकाच वेळी का ठेवता? एक आधी, एक नंतर ठेवला तर दोन्ही बघता येतील. यावर मेसमध्ये कुणीच हसलं नाही. देगलूरच्या मुलाने जी गोष्ट सांगितली, ती मला सगळ्यांत जास्त लागली. १९८२, स्पेन. अल्जेरिया पहिल्यांदाच विश्वचषकात आलेला, आणि आल्या आल्या त्याने पश्चिम जर्मनीला २-१ हरवलं. अल्जेरियाचा शेवटचा सामना २४ जूनला झाला. दुसऱ्या दिवशी खिखोन शहरात जर्मनी आणि ऑस्ट्रिया उतरले, तेव्हा दोघांनाही आकडा ठाऊक होता: जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकला तर दोघंही पुढे, अल्जेरिया बाहेर. जर्मनीने सुरुवातीलाच गोल केला. त्यानंतर दोन्ही संघ उरलेला वेळ चेंडू इकडून तिकडे ढकलत राहिले. नियम कुणीही मोडला नाही आणि अल्जेरिया घरी गेला. १९८६पासून गटातले शेवटचे दोन सामने एकाच घटकेला सुरू होतात ते यामुळे. दोन पडदे, दोन मोबाइल आणि धडधडणारं काळीज, ही आजच्या प्रेक्षकाची सगळी मजा अल्जेरियावरच्या त्या अन्यायातून आलेली आहे.

त्या शुक्रवारच्या आदल्या रात्री साडेबाराला जपान-स्पेन सामना झाला होता. तो मी पाहिला नाही. सकाळी पोह्यांच्या वेळी मेसमध्ये त्याच्यावरून खडाजंगी ऐकली. जपानच्या मितोमाने गोलरेषेवरून मागे वळवलेला आणि तनाकाने जाळ्यात घातलेला चेंडू आधीच रेषेबाहेर गेला होता का? एका कोनातल्या फोटोत चेंडू आणि रेषा यांच्यात हिरवं गवत दिसत होतं. पण नियम सांगतो, पूर्ण चेंडू पूर्ण रेषेपार गेला तरच बाहेर. चेंडू गोल असतो, तो जमिनीला टेकतो ती जागा रेषेबाहेर असली, तरी वरून बघितलं तर त्याचा फुगवटा रेषेवर असू शकतो. फिजिक्सवाल्या पोरांनी वहीत वर्तुळ काढून, लंब टाकून हे सिद्ध केलं. तनाकाचा गोल धरला गेला, जपान २-१ जिंकला, आणि कोस्टा रिकाला ४-२ हरवूनही जर्मनी स्पर्धेबाहेर पडला. तो गोल नाकारला असता आणि सामना १-१ राहिला असता, तर जर्मनी पुढे गेला असता. चार वेळचा जगज्जेता काही मिलिमीटरवर घरी गेला!

१८ डिसेंबरच्या रविवारी आम्ही नांदेडला आलो होतो. अंतिम सामना मामंजींसोबत बघितला. मामंजी जुने हॉकीवेडे. नांदेडला श्री गुरु गोबिंदसिंघजींच्या नावाने अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते, तिचे सामने त्यांनी वर्षानुवर्षं उन्हात उभं राहून पाहिलेत. ऑफसाइड म्हटल्यावर ते लगेच म्हणाले, "आमच्या हॉकीतही होता की. नव्वदच्या दशकात काढून टाकला. खेळ मोकळा झाला." फुटबॉलनेही काढावा, असं त्यांचं मत. मला पटलं नाही. गच्चीवर ती सावली बघितल्यापासून मला वाटतं, या खेळाची सगळी बुद्धी त्याच रेषेत आहे.

अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे होता. ऐंशीव्या मिनिटाला फ्रान्सच्या एम्बाप्पेने पेनल्टीवर गोल केला आणि लगेच पुढच्या मिनिटाला दुसरा. मामंजी खुर्चीच्या काठावर आले. जादा वेळेत मेस्सीचा गोल, पुन्हा एम्बाप्पेची पेनल्टी, ३-३. मग शूटआऊट, ४-२, अर्जेंटिना जगज्जेता. पण नोंदीत हा सामना ३-३ असाच राहतो. शूटआऊट फक्त चषक कुणाला द्यायचा ते ठरवतं. म्हणून तिथे मारलेला गोल खेळाडूच्या खात्यात चढत नाही. एम्बाप्पेचे स्पर्धेत आठ गोल धरले गेले, शूटआऊटमधला वगळून.

अकरा जणांचा खेळ एकेकट्याच्या फटक्यांवर सोडवणं मला आजही रुचत नाही. पण आधी काय होतं ते कळल्यावर मी तक्रार सोडली. १९६८च्या युरोपीय स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघ यांचा उपांत्य सामना बरोबरीत सुटला, आणि अंतिम फेरीत कोण जाणार हे नाणेफेकीवर ठरलं. आपल्याकडे २०१९च्या क्रिकेट विश्वचषकात चौकार-षटकार मोजून इंग्लंडला चषक दिला, तेव्हा न्यूझीलंडसाठी माझा जीव तुटला होता. तो नियम पुढे बदलला. नाण्यापेक्षा आणि चौकारांपेक्षा पायाने मारलेला फटका केव्हाही बरा.

या सगळ्या मोजणीची झळ स्वतःला बसली ती ११ जून २०२४ला. मुलीची नीट होऊन आम्ही नांदेडला परतलो होतो. दोहामध्ये भारत विरुद्ध कतार, विश्वचषक पात्रतेचा सामना. सुनील छेत्री नुकताच निवृत्त झालेला. छांगटेच्या गोलमुळे भारत १-० पुढे. इतिहासात पहिल्यांदा पात्रतेच्या तिसऱ्या फेरीचं दार दिसत होतं. त्र्याहत्तराव्या मिनिटाला गोलरक्षक गुरप्रीतने चेंडू अडवला, तो गोलरेषेच्या पार बाहेर गेला, कतारच्या खेळाडूने तो पायाने आत ओढला आणि आयमेनने गोल केला. आमच्या घरात सगळे ओरडले, "बाहेर! बाहेर!" पंचांनी गोल दिला. त्या सामन्याला व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा पंच, नव्हता. आपली मुलं २-१ हरली आणि पात्रतेतून बाहेर पडली. जपानला मिलिमीटरचा न्याय मिळाला; आपला चेंडू ढळढळीत बाहेर होता आणि बघायला कॅमेरा नव्हता. लातूरच्या मेसमधल्या पोरांचे मेसेज रात्रभर येत राहिले. कंधारच्या मुलीने एवढंच लिहिलं, "काकू, सावली तरी बघायची ना."

घरात कुणी फुटबॉल बघत असेल आणि तुम्हाला काही कळत नसेल, तर शेजारी बसा आणि विचारा, हा नियम आला कशामुळे. सुरुवात अंतिम सामन्यापासून करू नका. गटफेरीच्या शेवटच्या दिवशी बसा, हाताशी कागद ठेवा आणि प्रत्येक गोलनंतर गुणतक्ता नव्याने मांडा. आणि पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात सुब्रतो चषकाचे शालेय सामने असतात, मुलींचेही असतात. कडेला बघायला फारसं कुणी नसतं. तिथे कॅमेरे नाहीत, चेंडूत सेन्सर नाही. शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत झेंडा घेऊन पळणारा एक माणूस असतो. दोन तास काढा, त्याच रेषेत बाहेर उभे राहा आणि आपल्या पोरींचा खेळ बघा.