धारप आणि रात्रीचं ओलीत

सध्या मला कोणीही भेटो, यवतमाळच्या बसस्टँडवर, जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांच्या रांगेत, नाहीतर लग्नाच्या पंगतीत, माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "नारायण धारप वाचले का?" पन्नाशीपुढच्या माणसांचा चेहरा लगेच खुलतो. "अरे बाप्पा, धारप! 'लुचाई' वाचली तवा रातच्याला न्हाणीत एकटा जात नव्हतो मी!" असं म्हणून ती जी सुरू होतात, ती वाढपी पुढे निघून गेला तरी थांबत नाहीत. माझ्या वयाची पोरं मात्र विचारतात, "कोण धारप?" हा लेख त्या पोरांसाठी आहे. राजेहो, तुमच्या तालुक्याच्या वाचनालयात, कपाटाच्या अगदी खालच्या फळीवर एवढं मोठं घबाड पडलं आहे आणि तुम्ही रात्री दोनपर्यंत रील सरकवत बसला आहात!

मला धारप सापडले ते सिनेमाच्या वाटेनं. 'तुंबाड' १२ ऑक्टोबर २०१८ ला आला तेव्हा तो माझ्यापर्यंत पोचलाच नाही. १३ सप्टेंबर २०२४ ला तो देशभर पुन्हा थिएटरांत लागला आणि या खेपेला मी गेलो. तो न थांबणारा पाऊस, तो कुजलेला वाडा, ती साखळीला बांधलेली म्हातारी! घरी आल्यावर झोप कसली येते. सिनेमाबद्दल मिळेल ते वाचत सुटलो आणि एका मजकुरावर ताडकन उठून बसलो. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना १९९३ साली एका मित्रानं नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली होती. आणि ती कुठे सांगितली? नागझिऱ्याच्या जंगलात! म्हणजे आपल्या विदर्भात! ती गोष्ट त्या पोराच्या डोक्यातून गेलीच नाही. १९९७ साली, अठराव्या वर्षी, त्यानं पटकथेचा पहिला खर्डा लिहिला आणि तिथून सिनेमा पडद्यावर यायला आणखी एकवीस वर्षं लागली. मग तो व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा उद्घाटनाचा सिनेमा ठरला. हा मान मिळालेला तो पहिला भारतीय सिनेमा. मी विचार करत राहिलो. जंगलात तोंडी सांगितलेली एक मराठी गोष्ट जर एवढं करू शकते, तर ती कागदावर उतरवणाऱ्या माणसाच्या हातात काय असेल!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाचनालयाच्या दारात. ग्रंथपाल काका म्हणाले, "धारप? आता कोनी मांगतच नाही रे बावा." पण म्हणता म्हणता ते खाली बसलेसुद्धा, आणि खालच्या फळीवरून त्यांनी एकेक पुस्तक काढायला सुरुवात केली. मूळ मुखपृष्ठं केव्हाच गेलेली. जाड पुठ्ठ्याचं बाइंडिंग, पाठीवर पांढऱ्या रंगानं घातलेला आकडा, आत तारखांची चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर शिक्क्यांवर शिक्के पडलेले. जागा पुरली नाही म्हणून तिच्यावर दुसरी चिकटवलेली, तीही भरलेली. एका पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलनं लिहिलं होतं, 'रात्री वाचू नये.' खाली वेगळ्या अक्षरात, 'मी वाचली.' त्याच्याखाली तिसऱ्या अक्षरात, 'मीपण.' आमच्या गावात एके काळी एवढे लोक या माणसाच्या मागे वेडे होते, हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं!

धारप भयकथा लिहिणारे, पुण्याचे. जन्म १९२५ चा, गेले २००८ मध्ये. शंभरावर पुस्तकं लिहिली. शंभरावर! '४४० चंदनवाडी', 'लुचाई', 'शपथ', 'चेटकीण', 'ग्रास', 'नेनचिम', शिवाय ती सगळी समर्थांची मालिका. मी यादी उतरवून घेतली ती वहीची दोन पानं भरून.

आता 'रात्री वाचू नये' हे आमच्यासारख्यानं कसं पाळावं? आमच्याकडे रब्बीचं ओलीत म्हणजे रात्रीचं काम. शेतीपंपाची लाइन आठवड्यात काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की पांदणीनं विहिरीवर जायचं, स्टार्टर दाबायचा, हरभऱ्यात स्प्रिंकलर फिरायला लागले की पुढचे पाइप बदलायची वेळ होईपर्यंत कोठ्यात बाजेवर पडून राहायचं. एरवी हे तास मोबाइलवर जायचे. या हिवाळ्यात ते धारपांवर गेले. कपाळाला लावायची बॅटरी, अंगावर घोंगडी, छातीवर पुस्तक. बाहेर स्प्रिंकलरची टक् टक् टक् चाललेली, धुऱ्यावर तुरीची काळी भिंत उभी. आणि पुस्तकात एक भला माणूस एका घरात राहायला येतो. घर स्वस्तात मिळालेलं. सगळं ठीक. फक्त एका खोलीत काहीतरी...

लाइन गेली.

सगळे स्प्रिंकलर एकदम बसले. टकटक थांबली. ती शांतता कशी असते हे रात्री ओलीत केलेल्यालाच कळेल. ऑटो स्विच लावला नव्हता, म्हणजे लाइन परत आली की विहिरीपर्यंत चालत जाणं आलं, तुरीच्या ओळीतून! मी बाजेवर तसाच बसलो. कपाळाच्या उजेडात फक्त पुस्तकाचं पान दिसत होतं. तेव्हा कोणीही शहाणा माणूस पुस्तक मिटून ठेवेल. मी पान उलटलं. उलटल्याशिवाय राहवेचना! लाइन आली तेव्हा मी पुढचं प्रकरण संपवूनच उठलो, आणि तुरीतून विहिरीकडे असा पळालो की दादानं सकाळी चिखलातली पावलं बघून विचारलं, "काऊन रे, रातीं डुक्कर मागं लागलं होतं का?"

या पळण्यात मला जी मजा आली तिच्याबद्दल मी पुष्कळ विचार केला, कारण आमच्या जिल्ह्यात रात्रीची भीती ही काही गंमत नाही. ओलितावर साप निघतो. रानडुक्कर अंगावर येतं. पांढरकवडा-राळेगावकडच्या माणसांना तर अंधाराची भीती कोणी समजावून सांगायला नको. टी-वन, जिला लोक अवनी म्हणत, त्या वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली गेली, 'तुंबाड' पहिल्यांदा झळकल्यावर जेमतेम तीन आठवड्यांनी. ती भीती शेताची वाट बंद करते, वेचणीची मजुरी बुडवते, बाईमाणसाला दिवसाढवळ्या सरपणाला जाऊ देत नाही. तिच्यात हौस कुठली? धारपांची भीती मात्र मी माझ्या हातानं उघडतो आणि माझ्या हातानं मिटतो. तिच्यात शिरताना छाती धडधडते आणि बाहेर येताना अंग हलकं होतं. दिवसभर कापसाच्या भावाची, कर्जाची, फवारणीची काळजी वाहणाऱ्या माणसाला ही दोन तासांची दुसरी भीती किती मोठी विश्रांती देते, हे मी स्वतः अनुभवलं आहे. करमणूक म्हणून तिला कमी लेखणाऱ्यांनी एकदा रात्रपाळीला येऊन बघावं.

आणि काय लिहितात हो! मला वाटलं होतं तसे विक्राळ चेहरे, रक्ताचे पाट, किंचाळ्या मला या पुस्तकांत फारशा भेटल्याच नाहीत. भाषा साधी, स्वच्छ, एखाद्या सज्जन कारकुनानं हकिकत लिहून द्यावी तशी. माणसंही तशीच. नोकरीवाली, भाड्याच्या घरात राहणारी, बायकोला विचारून रजा टाकणारी. पहिली काही पानं तर वाटतं, यात भिण्यासारखं आहे काय? मग एखादी वस्तू जागा सोडते. एखादा वास येतो. एखादं दार आपण लावलं होतं की नाही, हे आठवत नाही. त्या माणसाला वाटतं, भास असेल. आपल्यालाही वाटतं, भास असेल. तो स्वतःची समजूत घालतो, अगदी आपण घालू तशी, आणि नेमकी ती समजूत पटायला लागली की धारप पुढचं वाक्य लिहितात. मी ते वाक्य कुठे येतं हे पकडायला पानं मागे जाऊन पुन्हा वाचली. भीती केव्हा सुरू झाली ते ठिकाण सापडतच नाही! केवढी ही कारागिरी!

मग समर्थ भेटले. समर्थ म्हणजे धारपांचे नायक, अमंगळाशी झुंजणारे. त्यांच्यासोबत अप्पा. समर्थ दारात आले की वाचणाऱ्याचाही श्वास मोकळा होतो. ते उठसूट चमत्कार दाखवत नाहीत. आधी बसून सगळं ऐकून घेतात, प्रश्न विचारतात, कारण शोधतात. डॉक्टरनं नाडी धरावी तसं. मला हे फार आवडलं. आमच्या भागात अंगारे-धुपारे, बाहेरची बाधा यांच्या नावावर गरीब माणसाला लुबाडणारे पुष्कळ आहेत. समर्थांची गोष्ट ही गोष्ट आहे, ती तशीच वाचावी. पण घाबरलेल्या माणसाचं बोलणं कोणीतरी शांतपणे पुरतं ऐकून घेतंय, हे वाचतानासुद्धा बरं वाटतं.

पुढे कळलं की 'लुचाई'च्या मागे अमेरिकन लेखक स्टीफन किंगची १९७५ ची 'सेलम्स लॉट' आहे, 'शपथ'च्या मागे त्याचीच 'इट' आहे, आणि 'तुंबाड'मधल्या म्हातारीच्या मागे जी धारपांची 'आजी' आहे, तिच्याही मागे किंगचीच 'ग्रॅमा'. एका मित्रानं हे मला जरा विजयानं सांगितलं. मी तर आणखीनच खूश झालो! कुठे अमेरिकेतलं मेन राज्य, तिथली छोटी गावं, तिथली चर्च आणि क्रूस. ते सगळं उचलून मराठी गावात बसवायचं म्हणजे नावं बदलून भागत नाही. इथे घरात देवघर आहे, भावबंदकी आहे, शेजारीण न विचारता आत येते, म्हातारीला एकटं टाकून कोणी जात नाही, आणि गेलं तर त्याचं कारण द्यावं लागतं. हे सगळं नव्यानं रचावं लागतं. धारपांनी ते असं रचलं की किंगचं नाव न ऐकलेल्या पिढीनं ही पुस्तकं आपली म्हणून वाचली, पेन्सिलनं त्यांच्यावर आपापली साक्ष ठेवली. आणि तोच धागा धरून कोणी 'तुंबाड' केला, त्याचं नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलं. एका गोष्टीचा हा प्रवास बघा. अमेरिकेतून पुण्यात, पुण्यातून नागझिऱ्यात, नागझिऱ्यातून व्हेनिसला! आणि आता माझ्या कोठ्यात!

एक मात्र मनाला लागतं. आपली नावाजलेली भुतं हटकून कोकणातली. 'तुंबाड' कोकणात, २०१६ मध्ये सुरू झालेली टीव्ही मालिका 'रात्रीस खेळ चाले' कोकणात, तिच्यातले अण्णा नाईक घराघरांत पोचलेले. माडाची झावळी हलली की मराठी प्रेक्षक घाबरायला तयार. अरे, मग आमच्या पळसाच्या रानाचं काय? पैनगंगेच्या खोऱ्याचं काय? उन्हाळ्याच्या भर दुपारी, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत, गावात एक माणूस बाहेर नसताना पऱ्हाटीच्या ढिगामागून येणारा आवाज, याच्यावर गोष्ट लिहायला बसलं तर अंधाराचीही गरज नाही! यवतमाळात दोनदा अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं. १९७३ ला गदिमा अध्यक्ष होते, २०१९ ला अरुणा ढेरे. २०२१ ला नाशिकला विज्ञानकथा लिहिणारे जयंत नारळीकर अध्यक्ष झाले, फार चांगलं झालं. आता भयकथेलाही तसाच मान मिळावा, आणि तो मिळवणारा लेखक आमच्या वऱ्हाडातून यावा, त्याच्या गोष्टीतली माणसं 'काऊन' म्हणावीत, त्यांनी ओलितावर जाताना घाबरावं, असं मला अगदी मनापासून वाटतं. आता लिहिणाऱ्या पोरापोरींनो, हे तुम्हालाच म्हणतो आहे.

तोवर एवढं करा. वाचनालयात जा आणि धारप मागा. कादंबरीच्या आधी कथासंग्रह घ्या, मग समर्थ, मग 'लुचाई'. पुस्तक फाटलेलं असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) साकेत प्रकाशनानं धारप पुन्हा छापले आहेत, ते आणायला सांगा. १९६७ च्या कायद्यानं चालणारी आपली ही सार्वजनिक वाचनालयं वाचकांच्याच भरवशावर उभी आहेत. मागणीच्या वहीत चार जणांनी एकच नाव लिहिलं की पुढच्या खरेदीत ते येतं. आमच्याकडे मी लिहून आलो आहे. दुसऱ्या ओळीवर तुमचं नाव घाला, आणि पुस्तक वेळेत परत करा. रांगेत आता दादाही आहे.