शेजारच्या गॅरेजमधली पिवळी ब्यूक

आम्ही मिशिगनमध्ये फ्लिंटजवळ राहतो. शेजारच्या काकांकडे १९७० ची ब्यूक जीएसएक्स आहे. त्या वर्षी फक्त ६७८ निघाल्या, रंग दोनच: सॅटर्न यलो आणि अपोलो व्हाइट. आमची लेक दर शनिवारी तिथे गंज घासायला जाते.

मी वैतागून म्हटलं, "अगं, सरळ नवीन इंजिन टाका की!"

"बाबा, ब्लॉकवरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळतो. इंजिन बदललं तर ही ती गाडी राहत नाही."

मग तिने सहज विचारलं, "आजोबांची बजाज कुठेय?"

पुण्याचं घर विकताना मीच ती भंगारात दिली होती. सांगायला जीभ रेटेना. शेवटी सांगितलं. ती काहीच बोलली नाही.

या शनिवारी मीही जातोय, पॉलिश पेपर घेऊन. तुमच्याकडे असं काय उरलंय?